देव सेवादासचे, पाखरं गझालाची

आमच्या दारव्ह्यात देवाचं चित्र काढून घ्यायचं तर दोन माणसं बोलवावी लागत. देव सेवादास काढायचा आणि देवाचं वाहन पक्षी असलं तर ते गझाला काढायची. सेवादास तांड्यावरचा, गझाला जफर मेकॅनिकची मुलगी. दोघंही माझ्या चित्रकलेच्या वर्गात शिकलेले. गझालाची आई हमीदाबी, तिनं घरूनच बजावलं होतं, "पाखरं काढ, देव नको काढू. पाखरं सगळ्यांचीच असतात."

सेवादासला ही वाटणी सोयीची होती, कारण त्याचा मोर कोंबडीसारखा आणि गरुड बदकासारखा उतरायचा. तो कार्तिकेय काढून खाली जागा मोकळी सोडायचा, मग ही येऊन मोर भरायची. शनिमहाराजांजवळचा तिचा कावळा तर इतका खरा होता की पुजारी त्याच्यासमोरचा नैवेद्य झाकून ठेवायचा.

"गुरुजी," ती मला म्हणायची, "देवाले दोनच चेहरे. हासरा, नाई तं रागावलेला. पाखराले पाहा बरं किती प्रकार असतात!"

चित्राखाली नाव मात्र एकट्या सेवादासचं असायचं. देवळाच्या भिंतीवर गझालाचं नाव कशाला, असं कमिटीवाले म्हणत. त्यांना पाखरू चालायचं, पाखरू काढणारी चालायची नाही.

मग बोंडअळीचं ते वर्ष आलं. भाव पडले, कापसाच्या गाड्या जिनिंग कारखान्याबाहेर दिवस दिवस उभ्या राहू लागल्या. जिनिंगच्या शेटजींनी फाटकाजवळच्या भिंतीवर लक्ष्मी काढायला सांगितली. खरी रुसली आहे, निदान रंगाची तरी बसवू, असा त्यांचा हिशेब. या वेळी सेवादासनं अट घातली आणि खाली लिहिलं गेलं, "देव : सेवादास. पक्षी : गझाला." आपलं नाव गझालानं स्वतः लिहिलं. मनासारखं होईना म्हणून पुन्हा पुन्हा पुसून लिहिलं. जफरभाई स्कूटरवर हमीदाबीला घेऊन आले. ती लक्ष्मीकडे पाठ करून उभी राहिली, मान वळवून नाव तेवढं पाहिलं आणि म्हणाली, "अक्षर बरं हाय."

घोटाळा झाला तो लक्ष्मीच्या वाहनाचा, घुबडाचा. मी वर्गात नेहमी सांगत आलो, आठवून काढू नका, पाहून काढा. मोर दिसतो, कावळा दिसतो. भरदुपारी जिनिंगच्या आवारात घुबड कुठून आणायचं? समोर उंच खुर्चीवर कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर वामनराव बसलेले. गाडीतला मूठभर कापूस ओढायचा, मान खांद्यावर टाकायची, डावा डोळा अर्धा मिटायचा आणि म्हणायचं, "ओला हाय. नंबर दोन." गझालाला समोर जे दिसलं ते तिनं काढलं.

सगळ्यात आधी ओळखलं ते माझ्या वर्गातल्या मुलांनी. पिसं कशी भरतात ते दाखवायला मी त्यांना तिथे नेलं होतं. "रेघा पाहा, कशा एकाखाली एक..." एवढं मी म्हणतो तोच फैज ओरडला, "अरे, हे तं वामनकाका!"

रांगेतल्या गाडीवाल्यांनी एकदा घुबडाकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे. त्या हंगामात कोणी हसलं नव्हतं. साचलेलं सगळं हसू त्या दुपारी एकदम निघालं. उकंडा नावाचा गाडीवान चपला काढून भिंतीसमोर उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "देवा, ओला नाई जी. बायकोची शप्पथ."

वामनराव तडक शेटजींकडे गेले. शेटजींनी मला आणि दोघा चित्रकारांना बोलावलं.

"घुबड पुसा," शेटजी म्हणाले. "लक्ष्मीपूजनाले पाहुणे येतात. त्या जागी दोन हत्ती काढा. हत्तीही चालते लक्ष्मीले."

गझालाचा चेहरा उतरला. हत्ती म्हणजे पक्षी नाही. आणि पक्षीच नसेल तर खालचं नाव कशाचं?

"माहा हत्ती म्हशीवानी येते," सेवादास म्हणाला. "गुरुजीले विचारा."

"म्हशीसारखाच येतो," मी साक्ष दिली. ते खरंच होतं. "शेटजी, लक्ष्मी म्हशीवर बसलेली दिसली तर लोक यमाची बायको म्हणतील."

शेटजी दचकले. शेवटी ठरलं की घुबड राहील, पण त्याचे डोळे मिटायचे. ओळख सगळी त्या डोळ्यात आहे, असं वामनरावांचं म्हणणं. घुबड दिवसा झोपतंच, तेव्हा शास्त्रालाही धक्का नाही. गझालानं दात-ओठ खात दोन्ही पापण्या ओढल्या. नाव वाचलं.

दुसऱ्या दिवशी रांगेत नवीनच सुरू झालं. "पाह्यलं का? डोये मिटून ग्रेड देते!" "मंग! उघड्या डोयानं कोणी असा भाव देईन काय?" जेवण झाल्यावर खुर्चीवर डुलकी काढायची वामनरावांची सवय साऱ्या गावाला ठाऊक होती. मिटलेल्या डोळ्यांचं घुबड आता आधीपेक्षा जास्त वामनराव दिसू लागलं.

"चुना मारा सगळ्यावर!" वामनराव किंचाळले. शेटजींनीही मान हलवली. चुन्याची बादली आली. गझाला भिंतीजवळ जाऊन आपल्या नावाला पाठ टेकून उभी राहिली.

तेवढ्यात वामनरावांच्या आई कुंदाताई डबा घेऊन आल्या. गावभर चर्चा, पण घरात त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि भिंतीपाशी गेल्या. चुनेवाला थांबला.

"अवो माय! हा तं माहा वामन," त्या म्हणाल्या. "कान दुखायचा लहानपणी, तवापासून मान अशीच."

"आई, ते घुबड आहे," वामनराव म्हणाले.

"असन घुबड. लक्ष्मीच्या पायाशी तं बसलं हाय! तुह्या बापाले जलमभर कचेरीत पंख्याखालची खुर्ची नाई भेटली." त्यांनी कमरेच्या पिशवीतलं कुंकू काढून घुबडाच्या कपाळाला लावलं. मग वळून म्हणाल्या, "पण ह्याले झोपवलं कोनं? लोकं म्हनतीन कामचोर हाय. उघडा डोये!"

शेटजींनी वामनरावांकडे पाहिलं. वामनरावांनी आईकडे पाहिलं. बादली परत गेली.

"पण पाह्यल्याबिगर मले काढता येत नाई," गझाला म्हणाली. "समोर बसा लागन."

मग वामनराव खुर्ची घेऊन भिंतीसमोर बसले. मान खांद्यावर, डावा डोळा अर्धा.

"हालू नका काका. बोलू बी नका."

माझी मुलं भोवती वह्या घेऊन बसली. मी त्यांना पापणीची रेघ दाखवत होतो. रांगेतला उकंडा गाडीवरून उतरला, वामनरावांभोवती एक चक्कर मारली, वाकून त्यांच्या मिशीचं टोक चिमटीत धरलं, हलकेच ओढून पाहिलं आणि मान खांद्यावर टाकली.

"ओला हाय," तो म्हणाला. "नंबर दोन."

वामनराव हलले नाहीत. कुंदाताई बघत होत्या, आणि गझालाचा ब्रश डोळ्यावर होता.