एकाच मापाचं खत

मी मक्याची जमीन बोलतेय. बोलायचा फार उत्साह आहे असं समजू नका. दमलेय मी. पण माझ्यावरून एका घरात बोलणं बंद व्हायची वेळ आली होती, म्हणून चार शब्द सांगते.

माणसांना मी सगळीकडे सारखीच दिसते. तशी मी नाही. माझे दोन तुकडे. वरच्या तुकड्यावर दरवर्षी मका, आणि मका निघाला की पुन्हा मका. खालच्या तुकड्यावर गुरं. तिथं लसूणघास असायचा. गाई चरायच्या, दुपारभर रवंथ करत बसायच्या आणि जायच्या आधी शेणामुताची भर घालून जायच्या. मधे काटेरी तारेचं कुंपण. वरचा तुकडा रिकामा होत होता आणि खालचा भरत होता, हे मला कळत होतं. पण मला विचारतंय कोण?

मालक सरळ माणूस. त्याला एक मुलगी, एक मुलगा. दोघांत डावं-उजवं करायचं नाही, असा त्याचा बाणा. खाऊसुद्धा दोरा लावून मोजून द्यायचा, आणि एवढं करून पोरं भांडायचीच. गुडघे थकल्यावर त्याने गुरं विकली, कुंपण काढलं आणि मला बरोबर मधोमध वाटलं. खालचा तुकडा लेकीला, वरचा लेकाला. वर बजावलं, की दोघांनी मकाच लावायचा आणि खतही सारखंच टाकायचं, म्हणजे पुढे कुणी कुणाला बोल लावणार नाही.

पोरंही त्याचीच. खताची गाडी आली की बहीणभाऊ बांधावर समोरासमोर उभी राहायची. तिने एक गोण फोडली की त्याने एक फोडायची. शेवटची एखादी उरली तर ती घमेल्याने अर्धी अर्धी करायची. जेवून उठलेल्याला आणि उपाशी बसलेल्याला एकाच मापाने वाढत होती बिचारी.

व्हायचं तेच झालं. खाली मका माजला. पानं गर्द हिरवी, ताटं ही उंच, आणि कणसं भरायच्या वेळी वारा सुटला तशी निम्मी ताटं आडवी झाली. वर मात्र बुडाकडची पानं टोकापासून पिवळी पडत गेली आणि कणसं बोटभर राहिली.

पहिल्या वर्षी भाऊ गप्प बसला. दुसऱ्या वर्षी बांधावर येऊन म्हणाला, "ताई, खरं सांग. मी घरी गेल्यावर तू परत खत टाकतेस ना?"

"तुझ्यासमोरच तर टाकते रे."

"मग माझं असं का?"

"मला काय ठाऊक? माझं तरी कुठं धड आहे? निम्मं लोळलंय."

"जास्त झालं की लोळतंच," तो म्हणाला आणि निघून गेला.

त्यानंतर त्याने तिच्या घरी जाणं सोडलं. आपला तुकडा विकून तो शहरात जाणार, असंही तिच्या कानावर आलं. एवढा एकच भाऊ तिला. माझ्यावर उकिडवी बसून ती पोटभर रडली. मला वाईट वाटलं, पण माझ्याने काय होणार होतं?

शेवटी तिने माती तपासणाऱ्या बाईंना बोलावलं आणि भावालाही हाताला धरून आणलं. बाईंनी नमुन्याच्या मातीसाठी आणलेल्या पिशव्या उघडायच्या आधीच विचारलं, "मक्याच्या आधी इथं काय होतं?"

"खाली गुरं होती," भाऊ म्हणाला. "पण ती कधीच विकली."

"गुरं विकलीत. शेण इथंच आहे की."

मग त्यांनी समजावलं. खाली जुनं शेण आणि घासाची मुळं अजून कुजतायत, तिथं थोडं खत पुरे. वर मक्याने सगळं ओढून नेलंय, तिथं जास्त लागेल, आणि एखाद्या हंगामात मक्याऐवजी चवळी लावा, तिच्या मुळांनी जमिनीचा कस परत भरून येतो. लहानपणी त्या गाई भावानेच राखल्या होत्या. त्याने मान खाली घातली.

"ताई, मी उगाच..."

"राहू दे. गोण धर."

पुढच्या खेपेला गाडी जवळजवळ सगळी त्याच्या बाजूला रिकामी झाली. म्हातारा बांधावर खुर्ची टाकून बसला होता. तो काठी टेकत उठला. "अरे, बहिणीचा वाटा खातोस? माझ्या डोळ्यांदेखत?"

"बाबा, मला तुम्ही आधीच देऊन ठेवलंय," लेक म्हणाली. "तुमच्या गाईंनी इतकी वर्षं माझ्याच तुकड्यात खत टाकलं."

म्हातारा पुन्हा खुर्चीत टेकला. मग लेकाकडे न बघता त्याने विचारलं, "मग याला मी काय दिलं?"

"वरच्या तुकड्यातल्या मक्यावरच तर आम्ही दोघं वाढलो, बाबा," मुलगा हळूच म्हणाला.

म्हाताऱ्याला ते पटलं की नाही, कोण जाणे. तो कसाबसा वाकला, वरच्या तुकड्यातली मूठभर माती त्याने हातात घेतली आणि म्हणाला, "फार दमवलं हिला मी."

एवढं कुणी म्हटलं की बरं वाटतं. थकवा जात नाही, पण बरं वाटतं. यंदा वर चवळी आहे. तुमच्याही जमिनीवर गोण फोडण्याआधी तिला एकदा विचारा, की बाई, आजवर तुझं काय काय झालं? ती सांगेल. आम्हाला कुणी विचारतच नाही, म्हणून आम्ही पिवळ्या पानांनी सांगतो.