एकोणीस खुणा

बाबा आयसीयूत होते तेव्हा मी मन्नत मागितली: अल्लाह, त्यांना स्वतःच्या पायानं घराचा उंबरठा ओलांडू दे, मी तीस रोजे ठेवीन. लोक अकरा ठेवतात. मी तीस. यावर्षी मी सगळं मोठंच करायचं ठरवलेलं. नववीपर्यंत मी हजेरी दिली तरी बाई म्हणायच्या, "तहुरा, मोठ्यानं." दहावीत वक्तृत्वात पहिली आले, आणि मग मला कोणी आवरू शकलं नाही.

बाबा मच्छीच्या लाँचवर इंजिन बघायचे. तिथेच पडले, डोक्यात रक्त साकळलं. बावीस दिवसांनी घरी आले. फुफूनं, म्हणजे त्यांच्या बहिणीनं, दंड धरला होता, पण दाराशी त्यांनी तिचा हात सोडवला आणि एकटे आत आले. मी बघितलं. दुसऱ्या दिवसापासून माझे रोजे सुरू.

रमजानात सहेरीची, म्हणजे पहाटेच्या खाण्याची, वेळ संपली की मशिदीचा भोंगा वाजतो, आमचा सगळा राजिवडा मोहल्ला त्यावर चालतो. एरवी भोंगा नसतो. आई म्हणाली, "वेळ मौलानांना विचार गो." मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, भिंतीवर कॅलेंडर आहे. मुंबईहून आलेलं, रोजची वेळ छापलेलं. मी मोबाइल समोर ठेवून अगदी शेवटच्या मिनिटाला शेवटचा घोट प्यायचे आणि तारखेवर पेन्सिलनं खूण करायचे. मला त्याची फार ऐट होती.

मधल्या सुट्टीत माझी मैत्रीण ज्ञानेश्वरी माझ्याकडे पाठ करून डबा खायची. "आमचा उपास म्हणजे साबुदाणा, वरी, बटाटा, वर दोन केळी. तुमचं भलतंच. थुंकी पण गिळायची नाही?"

"थुंकी गिळतात गो."

"मग जगशील."

संध्याकाळी मगरीबला बाबा खजूर हातात धरून बसलेले असायचे. हात थरथरायचा. "आज कितवा?" मी आकडा सांगायचे. अजान झाली की ते खजूर स्वतः माझ्या तोंडात घालायचे.

एकोणिसाव्या रोज्याला, गणिताच्या तासाला, शिपाईमामा मला बोलवायला आले. घरी पोचले तेव्हा बाबांच्या हनुवटीला, मयताला बांधतात तशी, पट्टी बांधून झाली होती.

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, पुरुष त्यांना घेऊन गेले, त्याच दारातून. मी रडले नाही. जी बाई येईल ती म्हणत होती, सबर कर. फुफूनं पाण्याचा पेला आणला. "पी. ओठ बघ कसे झालेत."

"रोजा आहे."

"ज्याच्यासाठी होता तो गेला बाय. आता कोणासाठी?"

"बाबा चालत घरी आले होते, फुफू. मी तेवढंच मागितलेलं."

माझा आवाज स्पर्धेतल्यासारखा लागला, बायका माझ्याकडे वळल्या. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बरं वाटलं.

ज्ञानेश्वरी कोपऱ्यात उभी होती. आमच्या मयताच्या घरी काय करायचं असतं तिला माहीत नव्हतं, म्हणून ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. "तहुरा," ती हळूच म्हणाली, "हे खाली बारीक अक्षरात बघितलंस? रत्नागिरी, राजापूर भागात सहेरी पाच मिनिटं आधी संपवावी."

मी वाचलं. परत वाचलं. फजर, म्हणजे रोजा सुरू होण्याची पहाटेची वेळ, आमच्याकडे मुंबईच्या आधी लागते. एकोणीस दिवस मी फजर लागल्यावर पाणी पीत होते. एकही रोजा झालेला नव्हता.

मी आतल्या खोलीत आईजवळ जाऊन बसले आणि सांगितलं. आवाज नववीतल्यासारखा बसला.

"म्हणून गेले काय गो, आई?"

आई जमिनीकडे बघत म्हणाली, "मन्नतीनं नशिबात लिहिलेलं बदलत नाय. शिकलीस ना मदरशात?"

"मग आता नाही ठेवले तर?"

"बोललीस तू अल्लाहला. मी कुठं होते तिथं?" तिनं तोंड भिंतीकडे केलं.

कोणाला कळलं नसतं. ज्ञानेश्वरी कोणाकडे बोलली नसती. फुफूचा पेला तिथेच होता. दिवस बाद झालेला असला तरी मी मगरीबपर्यंत थांबले. अजान झाली. खजुराची बरणी सापडेना, ती बाबाच काढायचे. मी पाणी प्यायले. मग कंपासमधला खोडरबर आणला आणि फुफू बघत असताना एकोणीस खुणा खोडल्या.

चौथ्या दिवशी शाळेत गेले. ज्ञानेश्वरीनं डबा काढला, पण उघडला नाही. "कितवा?"

"पहिला."

तिनं डबा परत दप्तरात टाकला. "मला पण भूक नाही आज."

"खा गो. अजून एकोणतीस आहेत, रोज उपाशी बसशील काय?"

तिनं डबा उघडला. चपाती आणि बटाट्याची भाजी होती. वास आला आणि मला इतकी भूक लागली की रडू फुटलं, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. ज्ञानेश्वरीनं पाठ केली आणि जेवत राहिली.