मोठीच्या कडेवर

“आई, मी कमी पडले होते का गं, म्हणून हे दुसरं आणतेयस?”

अंगणवाडीच्या सतरंजीवर बसलेल्या चारही गरोदर बायांनी एकदम माना वर केल्या. मदतनीस जनीबाईंच्या हातातला खिचडीचा डाव पातेल्यावर तसाच राहिला. आणि भिंतीवरच्या तक्त्याला छडी लावून ‘गरोदरपणात आनंदी राहावे’ हे वाक्य समजावून सांगणारी सेविका, म्हणजे शकूताई, म्हणजे उंबऱ्यातून हे विचारणाऱ्या अपेक्षाची स्वतःची आई, तिची छडी ‘आनंदी’वरच अडकली.

खिडकीच्या गजांमागून तिच्या मैत्रिणीचा, हर्षलाचा एक डोळा आणि अर्धी वेणी दिसत होती. पैज तिचीच. शाळा सुटल्यावर तिनं डिवचलं होतं, “वक्तृत्वात तालुक्यात पहिली आलीस ना? मग घरात ओट्यापाशी काय कुजबुजतेस! चारचौघींत विचारून दाखव.” आता अपेक्षाला असं कुणी म्हणायची खोटी! मागच्याच महिन्यात ती कर्जतला भरल्या सभागृहात सात मिनिटं न अडखळता बोलली होती. तेव्हापासून तिला वाटायचं, विचारता येणार नाही असा प्रश्न जगात उरलेलाच नाही.

पण खरं सांगायचं तर पैज नुसतं निमित्त. प्रश्न तिच्या मनात गणपतीपासून घोळत होता. पंधरा वर्षं ती घरात एकटी, म्हणजे राणी. पप्पांची कडाव नाक्यावर दुधाची डेअरी, त्यामुळे दुधावरच्या सायीला तोटा नव्हता, आणि ती सगळी हिच्या वाटीत. रविवारी आईच्या हातचं तेल, आईच्या हातची वेणी. मग आईला दिवस गेले. अडतिसाव्या वर्षी! गावभर आधी कुजबुज झाली, मग हसू, मग लाड. साय आईच्या पेल्यात जाऊ लागली. वेणी ‘तुझी तू घाल गं, मला वाकवत नाय’ झाली. पाळण्याला जागा हवी म्हणून अभ्यासाचं टेबल पडवीत गेलं. ज्याला अजून नाक होतं की नाही ते ठाऊक नाही, त्यानं आत बसल्या बसल्या अख्खं घर बळकावलं होतं.

आणि वर कडी म्हणजे लोधिवली. दहावी झाली की अपेक्षानं वनितामावशीकडे लोधिवलीला राहायचं आणि अकरावीला खोपोलीच्या कॉलेजात जायचं, असं आईपप्पांनी परस्पर ठरवलं होतं. का? तर म्हणे अभ्यास नीट व्हावा. कर्जतला काय कॉलेज नव्हतं? कडावहून सकाळी निघालं की झालं. एवढं न कळायला ती काय कुक्कुलं बाळ होती? कुक्कुलं बाळ एप्रिलमध्ये येणार होतं, आणि त्याला जागा हवी म्हणून हिला काढत होते.

“अपेक्षा, इथं बैठक चालू हाय,” आई कशीबशी म्हणाली. “घरी जा.”

“जाते की. उत्तर दे, मग जाते.”

“अगो बया, काय जीभ!” जनीबाई उखडल्या. “पोटुशा बायांपुढं असं अभद्र बोलतात का? बाळ आतून ऐकतं.”

“ऐकू द्या ना जनीकाकू,” नम्रता हसली. नम्रता पनवेलला नोकरीला होती. तिला सातवा लागला होता. “म्हणजे येताना तयारीनं येईल.”

बाया फिस्सकन हसल्या. मग अपेक्षाच्या बाजूनं बोलली ती कोंडी. कोंडी डोंगराखालच्या वाडीवरून तासभर चालत यायची. तिचं हे दुसरं. बैठकीत ती कधी तोंड उघडायची नाही, गोळ्या घ्यायची आणि जायची.

“पोरीला रागवू नका ताई. मला पन तसंच होतं.”

“तसंच म्हणजे?”

“आता पोटात हाय तवर सासू विचारते, जेवलीस का. नवरा विचारतो, पाय दुखतो का. तुमीपन विचारता.” कोंडी सतरंजीची दशी ओढत राहिली. “पयल्याच्या येळी बी विचारायची. मग बाळ भायेर आलं, आन् सगळी त्यालाच विचारायला लागली. मी तिथंच बसलेली, पन जशी नायच. मला त्याचा हेवा वाटायचा. माज्या सोताच्या पोराचा. आता परत तसंच होनार.”

अपेक्षा उंबऱ्यातून कधी आत आली आणि सतरंजीवर कधी टेकली, हे तिचं तिलाच कळलं नाही. आईलाच बाळाचा हेवा! आजवर तिला वाटत होतं, असलं काळं मन साऱ्या तालुक्यात तिच्या एकटीपाशी आहे.

“असं आईनं बोलू नये गं कोंडे,” जनीबाई म्हणाल्या.

“मग कुणी बोलावं? बापानं?” नम्रता पुढं सरकली. “आता निघालंच आहे तर माझंही ऐका. मला बाळंतपणाला माहेरी जायचं नाहीये. बोलले तर घरात रडारड. पहिलटकरणीनं माहेरीच जायचं! का? चार महिने आई उपदेश करणार, आणि नवरा पाहुण्यासारखा रविवारी येऊन, पोराला लांबून बघून, पोहे खाऊन परत जाणार. पोर त्याचं पण आहे ना? रात्री उठू दे की त्याला पण.”

“शिव शिव शिव,” जनीबाई पुटपुटल्या.

“आणि ते केशराचं दूध,” कोपऱ्यातली एक बाई कुजबुजली. “मी पाच महिने पितेय. बाळ गोरं होईल तेव्हा होईल, मला नुसतं पित्त होतं. पण ओतून दिलं असं सांगायची हिंमत नाय.”

“मग कुठं ओततेस?”

“जास्वंदीत.”

“बघू, जास्वंद गोरी होते का!”

असा हशा उसळला की खिडकीतला हर्षलाचा डोळासुद्धा मिटला. आईनं छडी टेबलावर ठेवली आणि पाठीला हात लावून खुर्चीत बसली. तक्त्यावरच्या चित्रातली बाई एकटीच आनंदी राहिली.

जनीबाईंना मात्र बैठक हातची गेलेली बघवेना. त्यांनी खिचडी वाढता वाढता गाडी रुळावर आणायला घेतली. “काय तुमची एकेक थेरं! आमच्या शकूताईचं बघा. सांगा बरं, काय चिंता हाय तिला? घरात ही एवढी घोडी पोरगी. आयती दाई. मोठीच्या कडेवर धाकटं टाकलं की आई मोकळी. म्हणून तर म्हणतात, पयली बेटी असावी.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. नम्रतानंसुद्धा.

“नाय,” आई म्हणाली.

“काय नाय?”

“अपेक्षाच्या कडेवर मी बाळ देणार नाय.”

अपेक्षाच्या कानशिलातून गरम रेघ सरकली. बघा! म्हणजे हिच्या हातात द्यायचीसुद्धा भीती वाटते. जन्मायच्या आधीच एवढं सोन्याचं! तिला उठून जावंसं वाटलं, पण कारण ऐकायचं होतं.

“अगं पन का?” जनीबाईंचा डाव पुन्हा थांबला. “सख्खी बहीण ना?”

“बहीणच राहू दे. दुसरी आई नको करायला.” आईचा आवाज तक्ता वाचतानाचा नव्हता. “मी दहा वर्षांची होते तेव्हा आमची वनिता झाली. आईला शेतावर जायचं असायचं. सव्वा महिना झाला आणि वनिता माझ्या कडेवर आली ती उतरलीच नाय. माहेरी, पोशीरच्या शाळेत मी तिला घेऊन बसायचे. ती रडली की मी वर्गाबाहेर. बाहेर उभी राहून खिडकीतून पाढे ऐकायचे. पुढं सातवीत गुरुजी म्हणाले, एक तर पोर आण, नाय तर दप्तर. घरी सांगितलं. घरच्यांनी दप्तर ठेवून घेतलं, शाळा तिथंच सुटली. दहावी केली ती लग्नानंतर, बाहेरून बसून.”

आई पुढं म्हणाली, “म्हणून हिला लोधिवलीला धाडतेय. इथं राहिली तर कुणी सांगणार पण नाय, आपोआप बाळ हिच्या कडेवर जाईल. मी बाजारात निघाले की, ताप आला की, पाहुणे आले की. मी स्वतःच देईन. माझा माझ्यावर भरवसा नाय.”

“हे काय बोलणं झालं?” कोपऱ्यातली जास्वंदवाली एकदम तापली. “आमी नाय वाढवली भावंडं? आमी काय मेलो?”

“म्हंजे पोरगी पाहुणी म्हनून ऱ्हानार घरात?” कोंडीलाही ते पटलं नव्हतं. “आमच्या वाडीवर हसतील ताई. मोठीनं नाय घेतलं तर कुनी घ्यावं?”

“उद्या हिच्या सासरचे विचारतील, लहान पोर सांभाळता येतं का,” जनीबाईंनी निकाल दिला. “तेव्हा लोधिवलीचं नाव सांग.”

आईनं सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. “नसेल पटत तर नसू दे. मघापासून सगळ्यांची न पटणारी मतं मी ऐकलीच ना? हे माझं.”

आणि तिनं गोळ्यांची पाकिटं वाटायला घेतली.

घरी जाताना दोघी वालाच्या शेतांमधल्या वाटेनं निघाल्या. हर्षला मागं मागं येत होती, पण अपेक्षानं मागं वळून असे डोळे वटारले की ती बिचारी मुकाट्यानं नाक्याकडे वळली. पैज जिंकली होती, पण जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. उलट जुन्या हेव्याच्या जागी नवा, चांगला टवटवीत हेवा उगवला होता. वनितामावशीचा! ही मावशी दर दिवाळीला आईच्या गळ्यात पडून म्हणायची, “माझी पहिली आई.” अपेक्षाला ते कौतुक वाटायचं. आता कळलं, ते खरंच होतं. आईची दहाव्या वर्षापासूनची सगळी कंबर मावशीनं वापरून टाकली होती. पुढून बाळ येतंय, मागून मावशी आहे, आणि मधल्या मधे अपेक्षा!

“तुला मावशीच जास्त आवडते,” ती शेवटी फुटली. “तिच्यासाठी शाळा सोडलीस. माझ्यासाठी काय सोडलंस?”

आई थांबली. “अगं वेडे, आवडत होती म्हणून सोडली असं वाटलं तुला? मला ती मुळीच आवडायची नाय. आईच्या मांडीवर आधी मी असायचे. ती आली आणि आई म्हणजे मला नुसती पाठ दिसायची. मी चिमटा काढला होता वनिताला.”

“तू? चिमटा?”

“दोनदा.” आईनं इकडे तिकडे बघितलं, जणू वालाच्या शेंगा जाऊन पोशीरला सांगणार होत्या. “दंडाला. रडली. मग मीपण रडले. आईला सांगितलं, मुंगी चावली.”

अपेक्षाला इतका आनंद झाला की तिला तो लपवता येईना. “मावशीला माहीत आहे?”

“बोललीस तर बघ.”

“मग मघाचं उत्तर दे. मी कमी पडले होते का?”

“नाय गं. ठरवून कुठं झालंय हे? झालं. कळलं तेव्हा मी दोन दिवस रडले, तुझ्या पप्पांना पण माहीत नाय. मग नको म्हणवलं नाय.”

“आता खूश आहेस?”

“सकाळी उलटी होते तेव्हा नसते. दुपारी असते. संध्याकाळी तुझं तोंड बघून भीती वाटते.” आई पुन्हा चालायला लागली. “आणि तुला धाडायचं ठरल्यापासून मला जेवण गोड लागत नाय. पण ते सांगायचं नव्हतं.”

अपेक्षाच्या डोक्यात मोठं काहीतरी शिजत होतं. आईनं दोनदा वळून बघितलं. हिनं वालाच्या शेंगा मोजल्यासारखं केलं.

घरी पप्पा डेअरी बंद करून आले होते आणि मोरीपाशी दुधाचे कॅन विसळत होते. दोघींना बघून ते खुशीत म्हणाले, “वनिताचा फोन आलेला. तुझ्यासाठी कपाट रिकामं केलंय म्हणाली. उद्या रविवार हाय, जाऊन येऊ. खोपोलीचं कॉलेज पण बघू.”

“जाऊन येऊ,” अपेक्षा म्हणाली, “पण मी तिथं राहणार नाय.”

पप्पांनी कॅन खाली ठेवला. “आता हे काय नवीन? सगळं ठरलंय ना?”

“तुमचं ठरलंय. आता माझं ऐका.” तिनं दोन्ही हात मागं बांधले, कर्जतला बांधले होते तसेच, आणि आवाज मोरीपर्यंत पोचेल असा लावला. “मी अकरावी कर्जतला करणार. इथून, या घरातून. बाळाला मी कडेवर घेणार नाही. दुपटी धुणार नाही. ते रडलं तर मी पुस्तकातून मान वर काढणार नाही. आईला बाजारात जायचं असलं, तर डेअरी बंद ठेवून पप्पा घरी थांबतील.”

“मी?” पप्पा बघतच राहिले. “अगं, मला कुठं येतं?”

“आईला दहाव्या वर्षी आलं. तुम्ही पंचेचाळीसचे आहात.”

आई भिंतीला टेकली. हसू आणि दुसरं काहीतरी एकदमच तिच्या तोंडावर आलं होतं. “अपे, नाय जमणार गं. मीच देईन तुझ्याकडे. मला ठाऊक हाय.”

“तू देशील, मी घेणार नाही. तू जन्मभर ‘नाही’ म्हणायला शिकली नाहीस, मला येतं. आणि आणखी एक.” इथं मात्र तालुक्यात पहिल्या आलेल्या आवाजाला जरासा कंप सुटला, पण ती थांबली नाही. “मला त्या बाळाचा हेवा वाटतो. पुढेपण वाटणार आहे, सांगून ठेवते. मावशीचापण वाटतो. पण तो लोधिवलीला बसून, इथं काय चाललं असेल याचा विचार करत करायचा, हे मला जमणार नाही. मी तो घरी राहूनच करणार. ठरलं.”