दहा-चारच्या रेषा

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. घड्याळातली केसासारखी बारीक स्प्रिंग गुंतली, की घड्याळ फिरवायचं आणि सोडवायचा तो तुकडा दहाच्या आकड्याकडून चारकडे तिरका उतरेल असा धरायचा. मगच चिमटा लावायचा. आजोबा असंच करायचे, बाबाही असंच करतात. टेबलावरचा दिवासुद्धा त्याच बेतानं स्क्रूने लाकडात घट्ट बसवलेला आहे. असं का, म्हणून विचारलं तर बाबा म्हणायचे, "तसंच दिसतं म्हणून."

मला मात्र तसं दिसत नव्हतं. माझ्या डोळ्यांना तिरका नंबर आहे. चष्मा असला की जग जागच्या जागी असतं. पण घड्याळजीचं भिंग भुवई आणि गालाच्या मध्ये आवळून धरावं लागतं, तिथे चष्म्याला जागा नाही. चष्म्याला अडकवायचं भिंगही मी आणून पाहिलं. बाबांनी ते एकदा हलवून बघितलं आणि "खेळणं आहे," म्हणून खणात टाकलं. मग मी उघड्या डोळ्यानं भिंग धरायची, घड्याळ नियमाप्रमाणे तिरकं करायची, आणि एका तारेच्या दोन तारा दिसायच्या. कितीतरी स्प्रिंगा मी वाकड्या केल्या.

"दिसत नाही हो," मी म्हणायची.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बाबा म्हणायचे.

शेजारच्या मोबाईलवाल्याला आमचा गाळा हवा होता. एके दिवशी मी मागच्या खोलीत असताना बाबा त्याला सांगत होते, "पोरगी कष्टाळू आहे, पण तिला या कामाचा हात नाही. गाळ्याचं महिनाभरात सांगतो तुला." मला रडू आलं नाही, संताप आला. दुसऱ्या दिवशी मी कॉन्टॅक्ट लेन्ससाठी वेळ घेतली. बाबाही बरोबर आले. डोळ्यात काचा घालणाऱ्या बाईला चार प्रश्न विचारायला नकोत का, म्हणाले.

डोळे तपासणाऱ्या बाई गोड बोलणाऱ्या होत्या, पण हयगय न करणाऱ्या. त्यांनी आधी मऊ लेन्स घातली. तिची खालची कड जरा जड असते, त्यामुळे पापणी मिटली की ती आपोआप नीट सरळ बसते. भिंतीवरची शेवटची ओळ मी धडाधड वाचली. मी तर तिथेच हुरळले.

"काम कसं करता ते दाखवा," बाई म्हणाल्या.

मी पिशवीतून भिंग काढलं, भुवई आवळली, मान खाली घातली. हातातल्या कार्डावरची अक्षरं लगेच फाकली.

"वाटलंच मला. भुवई दाबली की लेन्स गिरकी घेते. तिरक्या नंबरची मऊ लेन्स फिरली की संपलं."

मग त्यांनी मऊ लेन्स उतरवून डबीतून कडक लेन्स बाहेर काढली. ती घालण्याआधी उघड्या डोळ्यांसाठी समोर एक तक्ता लावला. मधोमध एक ठिपका, त्यातून चहूकडे निघालेल्या रेषा, आणि कडेनं घड्याळासारखे आकडे.

"कुठल्या रेषा जास्त काळ्या दिसतात?"

"एक आणि सात," मी म्हणाले. "दहा-चारच्या तर अगदी पुसट."

मागे खुर्चीवर बसलेल्या बाबांचा संयम सुटला. "अगं, काय सांगतेस? दहा-चारच्याच तर ठसठशीत आहेत! बाकीच्याच पुसट छापल्यात. नीट बघ की!"

बाईंनी वळून बाबांकडे पाहिलं. "काका, सगळ्या रेषा सारख्याच काळ्या आहेत. तिरका नंबर असला की एकाच दिशेच्या ठसठशीत दिसतात."

बाबा उठले. तक्त्याजवळ गेले, अगदी नाक लावून. मग मागे आले. मग मान वाकडी करून पाहिलं. बाजारातून आणलेला वाचायचा तयार चष्मा सोडला, तर त्यांच्या डोळ्यांपुढे जन्मात कोणी काच धरली नव्हती.

"माझ्या वडिलांनाही तसंच दिसायचं," ते हळूच म्हणाले आणि खाली बसले.

कडक लेन्स डोळ्यात गेली तेव्हा वाळूचा खडा गेल्यासारखं वाटलं. पाणी थांबेना. पण मी भुवई आवळली, वाकले, डोळे मिचकावले, तरी कार्डावरचं एकही अक्षर जागचं हललं नाही. ही फिरली तरी बिघडत नाही, बाई म्हणाल्या, फक्त डोळा काही दिवस कुरकुरेल. मी हीच घेतली. परतीच्या वाटेवर मला आधी बाबांचा राग आला, मग त्यांच्याविषयी फार वाईट वाटत राहिलं.

डोळा सरावल्यावर मी एक गुंतलेली स्प्रिंग घेतली. बाबा गिऱ्हाइकाच्या स्टुलावर येऊन बसले. मी घड्याळ फिरवलं नाही. जसं होतं तसंच ठेवलं, चिमटा लावला, आणि वेढ्यावर वेढा सुटा दिसत गेला. शेवटचा वेढा सुटला तसं चाक हललं, थबकलं, आणि चालू झालं.

बाबांनी घड्याळ कानाला लावलं. बराच वेळ लावून ठेवलं.

"मी माझा डोळा तुझ्यावर लादला," ते म्हणाले, "आणि वर म्हणालो, हिला हात नाही. शेजाऱ्याला नाही म्हणून सांगून आलोय मी."

"तुम्हीही लेन्स घ्या ना, बाबा."

"आता कशाला? माझं सगळं दहा-चारमध्येच निभावलं." ते खणातला मोठा स्क्रूड्रायव्हर घेऊन टेबलापाशी वाकले. दिव्याचे स्क्रू गंजले होते, सहजी फिरेनात. अखेर दिवा सुटला. लाकडावर त्याच्या जागी एक फिकट गोल उमटलेला होता. दिवा दोन्ही हातांत धरून त्यांनी विचारलं, "तुला कुठे हवा?"

खरं तर आता तो कुठेही चालला असता. तरी मी बोट दाखवलं, एक-सातच्या रेषेवर.