सामाईक विहिरीची पाळी

काकासाहेबांपुढे विहिरीचं नाव काढायचं नसतं, हे परतुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वर्षाराणी शिकायला बाहेर होती, तिला ते कोणी सांगितलं नव्हतं.

समाजाच्या वधू-वर मेळाव्याची वेबसाइट तिने बनवली होती. वडिलांशी, राधाकिसन यांच्याशी, तिचा ठराव झाला होता: मेळावा नीट पार पडला तर हे काम तिच्याकडेच राहील आणि दोन वर्षं तिच्या लग्नाचा विषय निघणार नाही. राहिला प्रश्न सर्व्हरचा. वर्षभर साइटवर कुत्रं फिरकत नाही. मेळाव्याच्या दिवशी मात्र अख्खा जिल्हा तुटून पडतो. म्हणून तिने व्हीपीएस सुचवला. एका मोठ्या मशीनचे वाटे, त्यातला एक आपला, आणि गरज पडली की तो दोन मिनिटांत वाढवता येतो.

अध्यक्ष काकासाहेबांना समजावं म्हणून ती म्हणाली, "काका, सामाईक विहिरीसारखं हे. विहीर एक, पण आपल्या पाळीला कोणी हात लावत न्हाई."

राधाकिसन यांनी डोळे मिटून घेतले. विहिरीच्या पाळीवरूनच काकासाहेबांचं सख्ख्या भावाशी फाटलं होतं. भावाच्या मयतीलाही ते गेले नव्हते.

"सामाईकाचं मला नको शिकवू, पोरी. सोताची मशीन घ्यायची. बारकी का असंना," काकासाहेब म्हणाले.

तिने मेळाव्याच्या दिवशीच्या गर्दीचे आलेख दाखवले. त्यांनी चहा मागवला. शेवटी डेडिकेटेड सर्व्हर घेतला गेला. जुनी, लहान, पण अख्खी समाजाची मशीन.

मेळाव्यात पहिली मुलगी स्टेजवर नाव सांगते न सांगते, तोच सगळ्या मंगल कार्यालयाने तिची माहिती बघायला मोबाइल काढले. पांढऱ्या पानावर नुसतं चक्र फिरत राहिलं. वर्षाराणीने सर्व्हरच्या कंपनीला फोन लावला. मेमरी वाढवायची तर मशीन बंद करून उघडावी लागेल, माणूस उद्या येईल, असं उत्तर मिळालं.

काकासाहेबांनी माइक घेतला. "आपल्या राधाकिसनच्या पोरीनं केल्तं हे. अजून शिकाऊ हे ती. सांभाळून घ्या."

लोक हसले. वर्षाराणी वडिलांजवळ जाऊन हळू म्हणाली, "बाबा, तुम्ही व्हते ना तिथं. मी काय म्हणले व्हते?"

"विहिरीचं कशाला काढलं मंग?" ते म्हणाले आणि पुन्हा स्टेजकडे बघू लागले.

दोन दिवसांनी साइट काकासाहेबांच्या भाच्याकडे, पप्पूकडे गेली. पासवर्ड देण्याआधी वर्षाराणीला वधूंच्या यादीत एक नोंद भरायची होती. नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण. राधाकिसन खुर्ची ओढून शेजारीच बसले होते. रंगाच्या रकान्यात तिने त्यांनी सांगितलं ते लिहिलं.

साइटवर दुसरं कोणीच नव्हतं. तिचं पान लगेच उघडलं.