गाईचं औषध

१९४४ सालच्या वैशाखात कळंबच्या माळावर हिरवी काडी उरली नव्हती. आबाजीची दुभती गाय तीन महिन्यांची गाभण होती. दिवस कलला की ती गोठ्याच्या मेढीवर धडके. तेव्हा त्याने कर्जतहून गुरांचे डॉक्टर देवधर यांना गाडी पाठवून आणवले.

"हिरवा चारा नाही, त्यात हे ऊन," डॉक्टर गाईचे डोळे तपासत म्हणाले. "अंगातलं जीवनसत्त्व आटलंय. हे माशाच्या यकृताचं तेल रोज पाजा. नाहीतर वासरू आंधळं निपजेल."

गाईची वेसण धरून उभी असलेली कोंडी पुढे आली. कोंडी ही आबाजीची विधवा सून. तिची चार वर्षांची बायजा महिनाभर तिन्हीसांजेला भिंती चाचपत चालत होती.

"डाक्टर, माझ्या पोरीला पन सांजच्याला दिसत नाय हो."

देवधरांनी बायजाच्या पापण्या वर केल्या. डोळे कोरडे पडले होते. "रोज एक चमचा हिलाही द्या. दूध द्या. उशीर करू नका, आबाजी."

"व्हय," आबाजी म्हणाला.

गाडी वळताच आबाजीच्या बायकोने, सोनाबाईने, तेलाची बाटली पेटीत घालून कुलूप लावलं. "गाय दूध देते. ही काय देनार? बापाला गिळून बसली, आता गाईच्या तोंडचं बी खानार?"

दूध विकायला कर्जतला जाई. मायलेकींना नाचणीची आंबील आणि मीठ. विधवेच्या पोटची मुलगी. शेजारीही 'त्यांचं घर, ते बघतील' म्हणून गप्प राहिले.

सोनाबाई तेल बांबूच्या नळीत ओतून देई, कोंडी ते गाईला पाजी. पाचव्या दिवशी तिने नळीच्या तळाचे चार थेंब बोटावर घेऊन पोरीच्या जिभेला लावले. दुपारी सोनाबाईने बायजाला जवळ घेतलं, हनुवटी धरून तोंड हुंगलं. माशाचा वास! तिने चुलीत उलथनं तापवलं आणि कोंडीच्या बोटावर टेकवलं.

"पोरीची जीभ नाय भाजली, उपकार मान."

आबाजी ओटीवर तंबाखू मळत राहिला. दुसऱ्या दिवसापासून सोनाबाई स्वतःच तेल पाजू लागली.

गाय सुधारली. बायजाच्या बुबुळांवर मात्र आधी धुरकट, मग पांढरा पडदा चढला. भर दुपारी ती चुलीत हात घालू लागली.

महिन्याने डॉक्टर गाय बघायला आले. कोंडीने बायजाला पुढे उभं केलं. देवधरांनी तिच्या पापण्या वर केल्या.

"मी तेल सांगितलं होतं."

"हाय की, पेटीत," कोंडी म्हणाली. "अर्धी बाटली अजून हाय."

तिने पोरीला कडेवर घेतलं आणि खालापूरकडे, माहेरी जायला निघाली. सोनाबाईने चरवी पुढे केली. "जा खुशाल. आंधळी कोन पोसनार? पन सांजची धार काढून जा."

कोंडीने चरवी घेतली आणि उंबऱ्यावर पालथी घातली. "नाय काढनार, आत्याबाई. आज नाय, पुन्ना कदी नाय."

गावाबाहेर आल्यावर खांद्यावरून बायजाने विचारलं, "आये, गाईला दिसतंय का गं आता?"

"दिसतंय," कोंडी म्हणाली.