दगडाखालची जागा

मी एक जुनी किल्ली आहे मित्रांनो, पण माझ्यावर गंजाचा ठिपका शोधाल तर सापडायचा नाही. मी अगदी कोरडी ठणठणीत आहे. कुठे आहे, ते शेवटी सांगते.

आम्ही जुळ्या बहिणी, एकाच गाडीच्या. मी मालकांच्या खिशात आणि ती मालकीणबाईंच्या जुडग्यात. एकीच्या कानावर पडलेलं दुसरीला आपोआप कळतं. हसू नका, जुळ्यांचं असंच असतं.

मालक घड्याळं दुरुस्त करायचे. सुट्टीच्या दिवशी मात्र पाठीवर हवेची टाकी बांधून किनाऱ्यावरून थेट समुद्राच्या तळाशी. तेही एकटे. "अहो, कुणाला तरी सोबत न्या," बाई म्हणायच्या. "मासे आहेत की सोबतीला!" हे उत्तर ठरलेलं.

गाडी वळणापलीकडच्या रस्त्याला उभी असायची, पायवाटेवरून दिसायची नाही; आणि मी भिजू नये म्हणून किनाऱ्यावर एका चपट्या काळ्या दगडाखाली माझी जागा होती. बाईंनी त्यावरून एक रीतच पाडली होती. चहाच्या वेळेला त्या पायवाटेने खाली यायच्या नि दगड उचलून बघायच्या. मी दिसले तर मालक अजून पाण्यात. मी नसले तर वर आले, गाडी घेऊन घरी येतीलच. आणि अंधार पडायच्या वेळीही मी तिथेच असले, तर होडीवाल्यांना हाक मारायची. "गुणाची गं माझी," असं म्हणून त्या मला पुन्हा झाकून ठेवायच्या. मला बाई फार आवडायच्या.

पण एकदा कुणा चोरट्याला मी सापडले. त्याने गाडीतला टेप लांबवला नि मला वाळूत फेकून दिलं. मालक भयंकर चिडले. त्यांनी पितळेची एक डबी केली, झाकणाला रबराचं कडं बसवलं आणि बादलीत बुडवून बुडवून पाहिलं. "घड्याळात थेंब जाऊ देत नाही मी, किल्लीची काय कथा!"

पुढच्या सुट्टीला निघताना बाईंनी दारातून विचारलं, "किल्ली नीट ठेवाल ना?"

"आज बघच किती नीट ठेवतो ते," मालक हसले. डबीची गंमत ते परत आल्यावर सांगणार होते.

तळाशी खडकांच्या फटीत एक फाटकं जाळं होतं. मालकांचा पाय त्यात अडकला, सुरी हातातून निसटली. मी डबीत, त्यांच्या कमरेला. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, आधी भराभर, मग जपून जपून. मग त्यांचा हात डबीवर आला आणि तिथेच थांबला. त्यांना दगड आठवला होता.

नेमक्या त्याच वेळी वर बाई दगड उचलत होत्या. "आले बाई वर एकदाचे!" असं म्हणून त्या चहा टाकायला घरी वळल्या. मी आणि बहीण, दोघी जिवाच्या आकांताने ओरडलो हो. पण किल्लीचा आवाज तो केवढा!

रात्र झाली तरी मालक घरी नाहीत, गाडी मात्र जागच्या जागी; लोकांनी रस्ते धुंडाळले, दवाखाने पालथे घातले. "पाण्यातून तर वर आलेत," बाई शपथेवर सांगत राहिल्या, "दगडाखाली किल्ली नव्हती." शेवटी माणसं पाण्यात उतरली, तोवर लाटांनी आम्हाला जाळ्यासकट खोल कपारीत ओढून नेलं होतं.

मित्रांनो, वस्तू जपा, जरूर जपा. पण तिची जागा बदललीत तर निघण्याआधी घरात सांगा. गंमत परत आल्यावर सांगू, असं म्हणू नका.

बाई अजून चहाच्या वेळेला येतात. दगड उचलतात, खालच्या वाळूत हात फिरवतात. मी सापडावी म्हणून. म्हणजे मालक अजून पाण्यातच आहेत, एवढं तरी कळेल.

बाई, मी इथे आहे हो. मालकांच्या कमरेला. अगदी नीट.